दौलत कासाराची सत्तर मार्कांची नाणी

उंबरखुंटे गावात एक भोळा कासार होता. नाव दौलत. बापाचा धंदा मोडीची भांडी घेण्याचा. फुटक्या घागरी, चेपलेले तांबे, कान तुटलेल्या कढया गोणीतून यायच्या आणि गोणीच्या तळाशी कधीमधी जुनी नाणी निघायची. बाप ती एका पत्र्याच्या डब्यात टाकायचा. पुढे बाप गेला, मोडीचा धंदाही गेला, डबा राहिला. मग दौलत दर मंगळवारी तालुक्याच्या बाजारात पोतं अंथरून नाणी मांडायला लागला. भोकाचा पैसा दहा रुपयाला, ढब्बू पैसा वीसला, चांदीचा रुपया असला तर घासाघीस करून काय मिळेल ते.

दौलत मूर्ख आहे असं गाव म्हणायचं. त्याची बायको अनसूया मात्र म्हणायची, "मूर्ख नाहीत ते. ऐकणारे आहेत." आणि ते खरंच होतं. दौलत सगळ्यांचं ऐकायचा. सांगितलेल्यातला एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. फक्त ज्याच्यासाठी सांगितलं ते सोडून भलत्यालाच लावायचा.

एका सोमवारी अनसूयेनं त्याच्याकडे नीट बघितलं. चार दिवसांची दाढी, सदऱ्याची गळपट्टी तेलकट, नखात माती. ती म्हणाली, "उद्या बाजारात जरा घासूनपुसून बसा की. असलं काळंकुट्ट बघून गिऱ्हाईक जवळ तरी येईल का?"

दौलतनं डबा उघडून बघितला. काळंकुट्ट होतं खरं. त्यानं चिंच भिजवली, चुलीतली राख घेतली, काथ्या घेतला आणि रात्रीच्या जेवणापर्यंत एकेक नाणं घासलं. तांब्याची अशी चमकायला लागली की त्यात तोंड दिसावं. दौलतचं तोंड दिसलं. दाढी तशीच होती.

मंगळवारी मिरीकर सर आले. हे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. गळ्यात भिंगाची दोरी, हातात पिशवी, जुन्या नाण्यांचं वेड. दर बाजारी ते दौलतच्या पोत्यासमोर उकिडवे बसायचे. त्या दिवशी बसले आणि तसेच उठले.

"दौलत, हे काय केलंस?"

"घासूनपुसून बसलोय सर."

"ह्या राणीचं नाक कुठंय?"

"होतं की. काळं होतं. निघालं."

सरांनी कपाळ धरलं. "अरे, शंभर वर्षांचा काळेपणा हीच नाण्याची किंमत. जे जुनं आहे ते जसंच्या तसं ठेवायचं, त्याला पाणी दाखवायचं नाही! काल तुझ्याकडे नाणी होती. आज परत मोड झाली."

मग त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. मागच्या आठवड्यात भिंगाखाली बघायला म्हणून त्यांनी एक राणीछाप रुपया नेला होता. "हा माझ्याकडे होता म्हणून वाचला. ह्यावरच्या साली असे रुपये फार थोडे पाडले होते. माझ्या पेन्शनीत बसता तर मीच घेतला असता. जप ह्याला."

"चुकलंच माझं. आता लक्षात ठेवतो," दौलत म्हणाला.

आणि त्यानं लक्षात ठेवलं.

गुरुवारी त्याचे सासरे आले. वय अठ्ठ्याहत्तर. दोन एसट्या बदलून, फाट्यापासून उन्हात चालत आले होते. भुवयांपर्यंत धूळ. अनसूया शेळ्या घेऊन माळावर गेलेली. सासरे ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "जावईबापू, पाय धुवायला पाणी द्या."

दौलतनं त्यांना खालून वर न्याहाळलं. "पाणी नाही मिळायचं मामा."

"हंडा तर भरलेला दिसतोय."

"भरलाय. पण तुम्हाला लावायचं नाही. तुमची किंमत उतरंल."

"माझी काय उतरंल?"

"किंमत. जुनं आहे ते जसंच्या तसं ठेवायचं असतं. ही धूळ किती वर्षांची म्हणायची?"

"सकाळची आहे!" म्हातारा कडाडला. "बरं, प्यायला तरी द्या."

दौलत विचारात पडला. आतून धुतलेलं चालतं का, हे सरांनी सांगितलं नव्हतं. तो विचार करत हंड्यासमोर आडवा उभा राहिला तो अनसूया येईपर्यंत. तिनं त्याला बाजूला केलं, बापाला पाणी पाजलं, पाय धुतले, खाट टाकली. सासऱ्यांचा आवाज जरा ताळ्यावर आला तेव्हा ते म्हणाले, "जावईबापू, एक ध्यानात ठेवा. जो सगळ्यात जुना, सगळ्यात झिजलेला, ज्याच्याकडे कोणी बघत नाही, त्याचा मान आधी करायचा. धडधाकट असतो त्याचं काय? तो मागं राहिला तरी चालतो."

"चुकलंच माझं मामा. आता लक्षात ठेवतो."

आणि त्यानं लक्षात ठेवलं.

पुढच्या मंगळवारी मिरीकर सर पुन्हा आले. राग गेला होता. ते पोत्याशेजारी बसून समजावायला लागले. "असं बघ, शहरातलं गिऱ्हाईक तुझ्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. हल्ली ग्रेडिंग लागतं. पुण्याला एक कंपनी आहे. ते नाणं तपासतात, खरं की खोटं सांगतात, मार्क देतात आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करून वर चिठ्ठी लावतात."

"मार्क? शाळेसारखे?"

"हो. सत्तरपैकी."

"पस्तीसला पास?"

"पास-नापास नसतं रे त्यात."

हे दौलतला पटलं नाही. मार्क आहेत आणि नापास नाही, मग पोरं अभ्यास कशाला करतील?

"तर तुझा माल एकदा पाठव," सर म्हणाले. 'रुपया' असं वेगळं म्हणायची गरज त्यांना वाटली नाही. शहाण्या माणसांचं हे एक असतं. निम्मं बोलतात आणि निम्मं समोरच्याच्या डोक्यावर सोडतात, डोकं कोणाचं आहे ते न बघता.

घरी दौलत डबा घेऊन निवड करायला बसला. राणीछाप रुपया हातात घेतला. सगळी अक्षरं जागेवर, मुकुट जागेवर, नाकसुद्धा शाबूत. एकदम धडधाकट. हा मागं राहिला तरी चालतो. त्यानं तो परत पुडीत ठेवला. मग झिजलेल्यांचा मान केला. घासून नाक गेलेले सहा आणि घासताना डब्याच्या तळाशी राहून गेलेले, ज्यांचं भोकच नाण्यापेक्षा मोठं वाटावं असे सहा भोकाचे पैसे. बारा नाणी रुमालात बांधून तो एसटीत बसला.

काउंटरवरच्या मुलीनं रुमाल सोडून बघितला. "काका, ही एवढी झिजलेली? ग्रेडिंगला?"

"ह्यांच्याकडे कोणी बघत नाही म्हणून तर."

"एका नाण्याला नऊशे रुपये पडतील. नेताना भरायचे."

"मानाचं काम आहे. पडू देत."

तीन आठवड्यांनी फोन आला. नाणी तयार आहेत, दहा हजार आठशे घेऊन या. घरात एवढे पैसे कधी एका जागी जमले नव्हते. होत्या त्या अनसूयेच्या दोन शेळ्या, मैना आणि चिमी, दोन्ही गाभण.

"एवढे कशाला लागतात?" तिनं विचारलं.

"मार्क आणायला. सरांनी सांगितलंय."

सर शिकलेले, म्हणून अनसूयेनं शेळ्या विकायला होकार दिला. व्यापारी दावं सोडायला लागला तेव्हा तिनं मैनेचा कान एकदा मुठीत धरला, सोडला आणि आत जाऊन उगाच भांडी विसळत बसली.

मंगळवारी पोत्यावर बारा डब्या मांडल्या गेल्या. स्वच्छ, चौकोनी, उन्हात चकाकणाऱ्या. सहा डब्यांवर लिहिलं होतं, 'घासलेले, गुण नाहीत.' बाकीच्यांना सत्तरपैकी चार, तीन, चार, सहा, तीन आणि एका पैशाला एक. दौलतनं भाव लावला हजार रुपये नग. माणसं थांबायची, वाकून वाचायची, हसायची, पुढे जायची. एक पोरगं म्हणालं, "ह्याला माझ्यापेक्षा कमी पडले!"

दुपारी एक कांदेवाला थांबला. डबी उलटीपालटी करून बघितली.

"कितीला?"

"हजार."

"पैसा तुझा तुला राहू दे रे. नुसती डबी कितीला? तंबाखू-चुन्याला बरी आहे."

दौलतनं विचार केला. सकाळपासूनचं हे पहिलंच गिऱ्हाईक. शेजारच्या भाजीवालीकडून किलोचं वजन मागून घेतलं, दोन ठोके घालून डबी उकलली, पैसा काढून खिशात टाकला आणि डबी पंधरा रुपयाला दिली. कांदेवाल्यानं ती सगळ्या कांद्याच्या ओळीत फिरवली. संध्याकाळपर्यंत बाराच्या बारा डब्या गेल्या. एकशे ऐंशी रुपये. दौलत खूश. मिरीकर सर दिसल्याबरोबर तो लांबूनच ओरडला, "सर, ग्रेडिंगला लई मागणी आहे!"

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग पिशवी खाली ठेवली.

"शेळ्या विकल्यास?"

"दोन्ही."

"आणि रुपया कुठंय?"

"घरी. तो धडधाकट आहे."

सरांचा चेहरा लाल झाला. "अरे, दहा रुपयाच्या पैशावर नऊशे घालतोस? त्या नऊशेनं भाव हजारांनी वाढणार असेल तरच ते घालायचे! तुझ्यासारख्या पोत्यावर बसणाऱ्याला शंभरातलं एखादंच नाणं ग्रेडिंगला परवडतं. वस्तूची किंमत काय, फी किती, आधी ते बघायचं. फी जड झाली तर एक छदाम घालायचा नाही!"

एवढं बोलून ते तरातरा निघून गेले. रागाच्या भरात त्या रुपयाचं काय करायचं ते सांगायचं राहूनच गेलं.

"चुकलंच माझं," दौलत त्यांच्या पाठीला म्हणाला. "आता लक्षात ठेवतो."

आणि त्यानं लक्षात ठेवलं.

त्याच आठवड्यात अनसूयेला ताप भरला. दुसऱ्या दिवशी तिला धड उठवेना. शेजारीण म्हणाली, तालुक्याच्या डॉक्टरकडे न्या, सुई-गोळ्या धरून पाचशे होतील. दौलत बायकोच्या उशाशी येऊन बसला. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. अनसूयेला वाटलं, ह्यांना काळजी वाटतेय. तिला बरं वाटलं.

"अनसूये," तो हळूच म्हणाला, "तुझी किंमत काय धरायची?"

"काय?"

"फी पाचशे आहे. ती जड होते का हलकी, ते आधी बघावं लागतं. पण तुझं ग्रेडिंग झालेलं नाही."

अनसूया उठली. तापात उठवत नव्हतं ती उठली. डाळीच्या डब्यातून स्वतःचे साठवलेले पैसे काढले, डोक्यावर पदर घेतला आणि त्याला न घेता शेजारणीचा हात धरून एसटीला गेली.

मागं घर रिकामं झालं. दौलत ओसरीवर बसला. चूल थंड, दावणीला नुसती दावी लोंबत होती. एरवी ह्या वेळी आतून तिचं काहीतरी पुटपुटणं ऐकू यायचं. आता काहीच येत नव्हतं. दौलतनं दोनदा आत जाऊन बघितलं, ती नाही हे माहीत असून. किंमत नक्की किती ते त्याला सांगता आलं नसतं, पण पाचशेपेक्षा वर जाईल अशी त्याला शंका आली.

दिवस मावळताना ती परतली. दौलत धावत फाट्यापर्यंत गेला होता. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. घरी आल्यावर, खाटेवर पडून, भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "घरात जे एकच असतं, जाऊन दुसरं मिळायचं नाही, त्याची फी बघायची नसते. आधी तपासून घ्यायचं. कळलं का?"

"चुकलंच माझं," दौलत म्हणाला. ह्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता मरेपर्यंत लक्षात ठेवतो."

आणि त्यानं लक्षात ठेवलं.

ती बरी झाली तसा तो घरभर फिरला. घरात जे एकच आहे ते काय काय? खाट एकच. जातं एकच. राणीछाप रुपया एकच. खाट राहू दिली, कारण अनसूया तीवर झोपली होती. जातं खांद्यावर आणि रुपया खिशात घालून तो फाट्यावर गेला. कंडक्टर म्हणाला, जातं एसटीत घेणार नाही. म्हणून पुण्याला नुसता रुपया गेला.

शहाणपणानं जे झालं नसतं ते कंडक्टरनं केलं.

रुपयाला सत्तरपैकी चौसष्ट मार्क पडले. कंपनीचे साहेब आतून उठून बाहेर आले आणि त्यांनी दौलतशी हात मिळवला. फीचे नऊशे मिरीकर सरांनी स्वतःच्या पेन्शनीतून आनंदानं दिले आणि ओळखीच्या एका व्यापाऱ्याला फोन केला. व्यापारी मोटार घेऊन उंबरखुंट्याला आला. ओसरीवर बसला, डबी हातात घेतली, वरची चिठ्ठी वाचली.

"नाक बघा की शेठ," दौलत म्हणाला. "सबंध आहे."

"नाक राहू दे. चौसष्ट आहेत ना?"

नाण्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. हाच रुपया वर्षभर बाजारात पोत्यावर पडून होता आणि हेच शेठ दोनदा त्याला ओलांडून केळी घ्यायला गेले होते. आता त्यांनी आकडा वाचला आणि ऐंशी हजार मोजले. पाचशेच्या एकशे साठ नोटा.

अनसूया उंबऱ्यात उभी होती. शेठ गेल्यावर ती भराभर बोलायला लागली. मैना आणि चिमी अजून त्या शेळ्यांच्या व्यापाऱ्याकडेच आहेत, दोघी व्यायल्यात, चार करडं आहेत, सगळ्यांना आणायचं. बाजारात कोपऱ्यावर पत्र्याचा गाळा आहे, तो घ्यायचा. उन्हात पोत्यावर बसणं बंद. बोलता बोलता ती हसली. दौलतनं तिला असं हसताना बऱ्याच दिवसांनी बघितलं.

मिरीकर सरांनीही जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलास गड्या. रक्कम मोठी आहे, नोटा तेवढ्या नीट तपासून घे हो. हल्ली खोट्या फार निघतात."

"घेतो सर."

सकाळी अनसूया उठली तर दौलत नाही आणि नोटाही नाहीत. तो परतला दिवे लागताना.

"पैसे कुठे?" तिनं विचारलं.

"तपासायला दिलेत."

अनसूयेला वाटलं, बँकेत. तिला समाधान वाटलं. म्हणजे आता ह्यांनाही समज यायला लागली. तिनं गाळेवाल्याला शब्द दिला. शेळ्यांच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला, महिन्याभरात येते, करडं कोणाला देऊ नका.

तिकडे पुण्याला त्या दिवशी काय झालं ते असं. दौलतनं काउंटरवर कमरेची पिशवी सोडली. मुलीनं बंडल बघितलं.

"काका, ह्या तर आजच्या चालू नोटा आहेत."

"तुम्ही नोटा तपासत नाही?"

"तपासतो. जुन्या, दुर्मीळ नोटांचं ग्रेडिंग असतं. पण ह्या..."

"मग तपासा. एकूण एक."

मुलीनं साहेबांना बोलावलं. साहेबांनी दौलतला ओळखलं. चौसष्टवाला माणूस. ह्याला काहीतरी दिसलं असणार, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी विचारलं, "एका नोटेला नऊशे पडतील. पाचशेची नोट आहे. विचार केलाय?"

"फी बघायची नसते साहेब. आधी तपासून घ्यायचं. माझ्या बायकोनं तापात सांगितलंय."

साहेबांनी दोनदा विचारलं. दोनदा विचारणं हे प्रामाणिक कंपनीचं काम, तिसऱ्यांदा विचारणं हे नातेवाइकांचं. त्यांनी अर्ज पुढे केला आणि दौलतनं सही केली.

महिन्यानं जाड पाकीट आलं. अनसूयेनं मिरीकर सरांना वाचायला बोलावलं, बँकेचं काहीतरी असेल म्हणून. गाळेवाला इसाराचे पैसे घ्यायला आलेला, तोही ओसरीवर बसला. सरांनी चष्मा लावला. पहिला कागद वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्यानंतर त्यांनी पहिला परत वर काढला.

"मोठ्यानं वाचा की सर," अनसूया म्हणाली.

"नोट क्रमांक एक, खरी, सत्तरपैकी तीस," सर वाचायला लागले. "नोट क्रमांक दोन, खरी, अठ्ठावीस. नोट क्रमांक तीन, खरी, कोपरा दुमडलेला..."

"पुढचं," दौलत म्हणाला.

"सगळ्या खऱ्या आहेत. सगळ्या डब्यांत बंद केल्यात." सरांनी शेवटचा कागद वर धरला. "फी एक लाख चव्वेचाळीस हजार. ती भरली की ऐंशी हजार परत देतील."

गाळेवाला उठला आणि चपला घालून गेला. अनसूया जिथे उभी होती तिथेच खाली बसली.

दौलतचा चेहरा मात्र उजळला होता. "बघ अनसूये, एकशे साठच्या एकशे साठ! एकही खोटी निघाली नाही!"

मग तो जरा गंभीर झाला. सरांच्या जवळ सरकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "फक्त एक सांगा सर. हे एक लाख चव्वेचाळीस हजार भरायचे, त्या नोटा आधी कुठे तपासून घ्यायच्या?"